साडू-गुणांक

वेलिका द्रागानोवाचा ब्रेक दर वर्षी ऑगस्टात आजारी पडायचा, ऑक्टोबरात अंथरुणाला खिळायचा आणि डिसेंबरात बर्फ पडू लागलं की खडखडीत बरा व्हायचा.

तसा ब्रेक तिचा नव्हे, कारखान्याचा. बाल्कनच्या डोंगराला उत्तरेकडून टेकून बसलेलं गोर्ना ब्रेझा हे गाव, तिथं जड ट्रक बनवणारा कारखाना, आणि त्या ट्रकच्या ड्रम ब्रेकचं गणित मांडणं हे वेलिकाचं काम. ड्रायव्हरनं पेडल दाबलं की हवेच्या जोरानं दोन शू, म्हणजे लायनर नावाचं खरबरीत अस्तर लावलेले अर्धगोल लोखंडी तुकडे, ड्रमच्या आतल्या अंगावर दाबले जातात, घर्षण होतं आणि चाकाला उलटा पीळ बसतो. हा पीळ, म्हणजे टॉर्क, किती बसेल हे ट्रकचं एकही नट आवळण्याआधी कागदावर काढायचं. नव्यानं रुजू झालेल्या इंजिनियरांना ती सांगायची, "दोन्ही शू दिसायला जुळे भाऊ, पण स्वभाव बघा. एकाला नुसतं 'या जेवायला' म्हटलं की ताट स्वतःच पुढ्यात ओढतो. चाक फिरतं तसा तो आपणहून आत खेचला जातो आणि सांगितल्याच्या दुप्पट रेटतो. दुसऱ्याला मात्र चाक बाहेर ढकलत असतं, त्याला आग्रह करकरून वाढावं लागतं. आपलं काम एवढंच. कोण किती जेवणार, ते पानं मांडण्याआधी सांगायचं."

हे तिला राजधानीत, सोफियाच्या कॉलेजात, कळण्याआधी बापाच्या बैलगाडीवर कळलं होतं. बाप गाड्या बनवायचा. उतारावर गाडी निघाली की चाकावर लाकडाचा ठोकळा दाबायचं काम लहानग्या वेलिकाकडे. ठोकळ्यातून धूर येईपर्यंत ती दाबून धरायची, मग मुद्दाम सोडून द्यायची आणि आजी मागं गवताच्या भाऱ्यावर किंचाळली की खांदे हलवत हसायची. आवाज नाही, नुसते खांदे. पंचेचाळिशीतही तिचं हसणं तसंच राहिलं होतं, आणि ऑफिसात तिचे खांदे हलायला लागले की कुणाची तरी वाट लागली हे सगळ्यांना कळायचं.

बहुतेक वेळा ती बोझिलोवची लागलेली असायची. बोझिलोव हे विभागप्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण समोर आलेला कागद वाचण्याआधी त्याचा हात सही करून मोकळा व्हायचा. एकदा वेलिकानं एका अहवालात लिहिलं होतं, 'ड्रमचं साहित्य: ओतीव लोखंड. टंचाई असल्यास चीज भरलेली कालची बानित्सा.' बानित्सा म्हणजे आमच्याकडची न्याहारीची पापुद्रेदार पोळी. सही झाली, शिक्का बसला, कागद ओतशाळेत गेला. तिथल्या फोरमननं फोन करून विचारलं की बानित्सा गरम ओतायची का गार.

पण या खेपेला हसणं अवघड होतं. नवा सोळा टनी ट्रक डिसेंबरात सोफियाहून येणाऱ्या समितीपुढं जायचा होता. चाचणीचा ट्रक काँक्रीटचे ठोकळे लादून खिंडीपलीकडं दक्षिणेच्या मैदानात जायचा, वळून परत यायचा, आणि गावाच्या वरच्या सरळ उतारावर, ठरलेल्या खांबाशी ड्रायव्हर ब्रेक दाबायचा. थांबला की दोन मोजणीवाले टेप टाकून अंतर घ्यायचे. मे-जूनमध्ये ते अंतर वेलिकाच्या गणिताशी असं जुळायचं की बोझिलोव तिला कॉफी पाजायचे. ऑगस्टपासून हाही ट्रक, आधीच्या ट्रकांसारखाच, पुढं पुढं जाऊन थांबायला लागला. ऑक्टोबरात तर मोजणीवाल्यांना टेप जोडून घ्यावी लागली.

"दमट हवा," बोझिलोव म्हणाले. "शरदात लायनर ओलावा धरतात."

"मार्चमध्ये पाऊस पडत होता कॉम्रेड, तेव्हा नाही धरला?"

"मग लायनरच खराब आलेत."

लायनर प्रयोगशाळेत गेले आणि 'निर्दोष' असा शेरा घेऊन परत आले. शेवटी बोझिलोवनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज मऊ केला.

"वेलिका, असं करू. तू घर्षणाचा आकडा जरा खाली घे. कागद ट्रकसारखा दिसला की समिती खूष."

"आणि मे महिन्यातला ट्रक? तो कागदापेक्षा शहाणा ठरेल त्याचं काय?"

"मे महिन्याचं कोण विचारतंय! आकडा जुळला नाही तर तुझी ही आधी कागदावर मांडायची पद्धतच बंद होईल, आणि तुला दरवाज्याच्या कड्या विभागात जावं लागेल. मी आपलं सांगून ठेवतो."

कड्या विभागात खिडकी नव्हती आणि तिथले प्रमुख दिवसभर आपल्या पित्ताशयाविषयी बोलत. वेलिकानं मान डोलावली, जागेवर आली, सूर्यफुलाच्या बियांची पुडी उघडली आणि बिया सोलत बसली.

एवढ्या बिया सोलल्यावर तिला सुचलं ते साधं होतं. इतके दिवस ती विचारत होती, माझा टॉर्क कमी का पडतोय? आता तिनं गणित उलटं फिरवलं. टॉर्क माझ्या म्हणण्याइतकाच आहे असं धरलं, तर ट्रक किती जड असेल? आकडेमोडीची सरकपट्टी डावीकडं उजवीकडं झाली. ऑगस्टातला ट्रक कागदापेक्षा अर्धा टन जड निघाला. सप्टेंबरातला पाऊण टन. ऑक्टोबरातला टनाच्या वर.

काँक्रीट ऑगस्टात वाढत नाही. पण कलिंगडं ऑगस्टात होतात. सप्टेंबरात लाल मिरच्या, ऑक्टोबरात द्राक्षं. आणि ही सगळी खिंडीच्या पलीकडे, दक्षिणेच्या मैदानात पिकतात. या बाजूला आलुबुखारापलीकडं काही होत नाही.

वेलिकाला आठवलं, गेल्या महिन्यात शेजारणीनं दोन पोती मिरच्या दाराशी आणून ठेवल्या होत्या. 'बाय नेद्कोकडून आल्यात गं, साऱ्या गल्लीला दिल्यात.' त्या वेलिकानं बाल्कनीत भाजल्या, सोलल्या, बरण्यांत भरल्या. म्हणजे हरवलेला टॉर्क तिच्याच फडताळात झाकण लावून बसला होता. आणि मोजणीवाल्या दोघांचं तोंड इतके दिवस कशानं बंद होतं, तेही कळलं.

तिचे खांदे हलायला लागले. पलीकडच्या टेबलावरच्या मुलीनं घाबरून आपले कागद आवरले.

बाय नेद्को म्हणजे चाचणीचा ड्रायव्हर. मराठी कानाला 'बाय' विचित्र लागेल, पण आमच्याकडं वडीलधाऱ्या पुरुषाला बायच म्हणतात, आणि नेद्कोच्या मिशा कानापर्यंत होत्या. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तो घेवड्याच्या सुपात पाव बुडवत असताना वेलिका ताट घेऊन समोर बसली.

"बाय नेद्को, यंदा कोबी कसा आलाय?"

"कोबी?" पाव सुपातच राहिला. "मला काय ठाऊक बाई. मी डायवर माणूस."

"तुम्हाला नसेल, ट्रकला आहे. काल मी त्याला विचारलं. म्हणाला, ऑक्टोबरात द्राक्षं फार झाली, कंबर धरली."

"ट्रक बोलतो व्हय?"

"तुम्ही ब्रेक दाबलात की बोलतो. सगळं सांगतो. टनाच्या वर सांगितली त्यानं."

बाय नेद्कोनं चमचा खाली ठेवला, मिशी पुसली, आजूबाजूला पाहिलं.

"खोटं बोलतो मेला," तो हळूच म्हणाला. "टनाच्या वर नव्हती. नऊशे किलोच होती."

"टनाच्या वर. माझं गणित चुकत नाही."

"नऊशे द्राक्षं. आणि साडू पुढं बसला होता."

"साडवाचं वजन दोनशे किलो?"

"साडवाबरोबर त्याचं सामान होतं." बाय नेद्कोनं उसासा टाकला. "हे बघ पोरी, सांगणार असलीस तर आत्ताच सांग. माझी बायको आणि रुसीची बायको सख्ख्या बहिणी. त्या बाजूला रुसीचं पीक कुजतं, या बाजूला आमची लोणच्याची पिंपं रिकामी. आणि मधून रोज एक ट्रक जातो, नुसते दगड घेऊन! दगड हवा खायला जातात आणि माणसं उपाशी. बघवत नाही गं."

"सांगणार नाही," वेलिका म्हणाली. "पण कोबीच्या फेरीला मी येणार."

"तू? केबिनमध्ये साडू बसतो."

"साडू कोबीवर बसेल."

कोबीची फेरी नोव्हेंबरातल्या एका लख्ख सकाळी निघाली. दक्षिणेकडच्या पायथ्याशी, रस्त्याला लागून असलेल्या शेताच्या बांधावर कोबीचा ढीग छातीपर्यंत रचलेला होता आणि ढिगाशेजारी रुसी उभा होता, गोल, लालबुंद, बोकडाच्या लोकरीची बंडी घातलेला. केबिनमधून बाई उतरलेली बघताच त्याचा चेहरा पडला.

"मी या माणसाला ओळखत नाही," तो बाय नेद्कोकडं बोट दाखवून म्हणाला. "मी आपला रस्त्यानं चाललो होतो."

वेलिकानं दोघांकडं पाहिलं. दोघांच्या बंड्या एकाच लोकरीच्या, एकाच टाक्याच्या, आणि दोन्हींचं तिसरं बटण निळं.

"कोबीला तरी ओळखता का?"

"पहिल्यांदाच बघतोय."

"गप ए रुश्या," बाय नेद्को म्हणाला. "बाईसाहेबांना सगळं म्हाईत आहे. ट्रकनं चुगली केली."

रुसी पुटपुटत चढवू लागला. ठोकळ्यांच्या फटी भरल्या, वर एक थर झाला, आणि नेहमीच्या मापाला येऊन तो थांबला. तेव्हा वेलिका म्हणाली, "थांबलात का? टाका की अजून."

दोघे साडू एकमेकांकडं बघत राहिले.

"अजून?"

"सगळा ढीग. मला बघायचंय, हा ब्रेक कुठवर ऐकतो. कागदावर सोळा टन लिहिलेत, पण या देशात सोळा टनांचा ट्रक सोळा टन घेऊन कधी जातो? चाचणी घ्यायची तर खऱ्या ट्रकची घेऊ."

रुसीनं टोपी काढली. बाई आपल्या बाजूची आहे का साहेबांच्या बाजूची, हे त्याला अजून कळत नव्हतं, पण ढीग घरी न्यायचे कष्ट वाचले एवढं कळलं. ट्रक गच्च भरला. ताडपत्री पुरली नाही. मधोमध कोबीत खड्डा करून रुसी बसला, अंगावर घोंगडी, हातात राकियाची, म्हणजे आलुबुखाराच्या घरगुती दारूची, बाटली, आणि ट्रक चढाला लागला.

खिंडीपर्यंत सगळं ठीक होतं. पलीकडं उतार सुरू झाला आणि वेलिकानं घड्याळ बाहेर काढलं.

"इथं दाबा. सोडा. आता पुन्हा. आता त्या वळणापर्यंत धरून ठेवा."

"धरून ठेवू? त्याला तापायला होतं."

"तापू दे."

बाय नेद्को धरून राहिला. तिसऱ्या वळणावर गोडसर जळका वास आला. चौथ्या वळणावर तो म्हणाला, "पोरी, पेडल मऊ लागतंय."

"किती मऊ?"

"लोण्यासारखं."

वेलिकाच्या डोळ्यांत चमक आली. तिचं सगळं गणित गार ड्रमचं होतं. तापलेला ड्रम फुगतो, शूंपासून लांब जातो, आणि लायनरची पकड सुटते, हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. पण फुगतो म्हणजे किती आणि सुटते म्हणजे कधी, हे कुणी असं पायाखाली आणून दाखवलं नव्हतं. स्वतः ताट ओढून घेणारा तो हावरा शूसुद्धा आता पान उलटं करून बसला होता. तिनं घाईघाईनं आकडे टिपले, मग पेन्सिल थांबली, कारण झाडं फार वेगानं मागं जायला लागली होती.

"बाय नेद्को."

"काय?"

"माझं गणित चुकलंय."

"आत्ता सांगतेस?" बाय नेद्को ओरडला आणि कडकड आवाज करत त्यानं गिअर खाली टाकला. इंजिन बोंबललं. मागून रुसीच्या आवाजात कुठल्याशा लग्नातलं गाणं ऐकू येत होतं. बाटली बरीच खाली गेली असावी. पुढं डावीकडं जुन्या खडीच्या खाणीचा रस्ता वर चढत होता. बाय नेद्कोनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं, ट्रक त्या चढात घुसला, धडधडत वर गेला आणि खडीच्या ढिगात नाक खुपसून थांबला.

कोबी मात्र थांबला नाही. पहिला गड्डा केबिनच्या टपावर आपटला, काचेवरून घरंगळला, आणि मग सगळेच आले. केबिनच्या दोन्ही बाजूंनी कोबीचे गड्डे उड्या मारत उतरले आणि खाणीच्या रस्त्यानं गावाकडं चालू लागले. बराच वेळ नुसता धबधब आवाज होता. मग शांतता झाली.

"रुश्या!" बाय नेद्कोनं हाक मारली.

"गाणं मध्येच तोडलंत," मागून उत्तर आलं. "कोण चालवतंय हे गाढव?"

रुसी छातीपर्यंत कोबीत पुरलेला होता, बाटली डोक्यावर उंच धरून. वेलिका पायरीवर बसली आणि तिचे खांदे हलायला लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हसण्याचा आवाजही बाहेर आला. तो इतका मोठा होता की खाणीवरचे कावळे उडाले. हसता हसता तिला रडू फुटलं. बाय नेद्कोनं बाटली साडवाकडून काढून तिच्या हातात दिली.

खालच्या वाडीतल्या बाया टोपल्या घेऊन वर येताना दिसत होत्या. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. एकीनं फक्त वर बघून ओरडून विचारलं, "उद्या पण येणार का?"

बातमी ट्रकच्या आधी ऑफिसात पोचली. बोझिलोव दारातच उभे होते.

"वेलिका द्रागानोवा! माझ्या कानावर आलंय की चाचणीच्या ट्रकमध्ये कोबी होता!"

"अतिभाराची चाचणी होती कॉम्रेड. काँक्रीटवर सेंद्रिय वजन चढवून घेतली."

"सेंद्रिय?"

"पूर्ण सेंद्रिय. आणि ऑगस्टपासूनचा घोळही सुटला. लायनर चांगले आहेत, हवा चांगली आहे. वजन जास्त होतं. पण आज मला त्याहून वाईट गोष्ट कळली. ब्रेक तापला की माझं गणितच कच्चं पडतं. ड्रम रुंद करायला हवा, शू जाड, आणि हिशेब मुळापासून नवा."

बोझिलोवनी तिला आत घेतलं. त्यांनी दार लावून घेतलं. पुन्हा उघडून बाहेर कोणी नाही ना ते पाहिलं.

"त्यातले," ते म्हणाले, "काही गड्डे शाबूत राहिलेत का? आमची ही रोज डोकं खाते. कोबी आंबवायचं पिंप धुऊन ठेवलंय पंधरा दिवस झाले."

वेलिकानं खिडकीतून खालच्या ट्रककडं बोट दाखवलं. बोझिलोवनी कोट चढवला.

डिसेंबरात समिती आली. लांब टेबल, हिरवं कापड, मिनरल वॉटरच्या बाटल्या. अध्यक्ष पिकल्या केसांचे, रुक्ष, आयुष्यभर पूल आणि ट्रक तपासलेले गृहस्थ. ते बोटानं एकेक ओळ खाली सरकवत होते. एका ओळीवर बोट थांबलं.

"टॉर्क हवा त्यापेक्षा इतका जास्त का धरलाय? इथं एक गुणांक आहे. नुसतं 'सा' लिहिलंय. सा म्हणजे काय?"

बोझिलोवनी छताकडं पाहिलं. वेलिका उभी राहिली. साहित्य म्हणता आलं असतं, सावधगिरी म्हणता आलं असतं. तिनं तोंड उघडलं आणि खोटं बोलायला कंटाळा आला.

"साडू," ती म्हणाली.

खोलीत कुणीतरी खोकलं.

"ट्रकवर पाटी असते कॉम्रेड अध्यक्ष, एवढेच टन भरा म्हणून. पाटी ड्रायव्हरनं वाचलेली असते. पण ड्रायव्हरला साडू असतो, साडवाला शेत असतं, आणि दोघांच्या बायका बहिणी असतात. उतारावर ब्रेकला पाटी ठाऊक नसते, वजन ठाऊक असतं. मी एकदा स्वतः त्या ट्रकमध्ये बसून खाली आले आहे. म्हणून धरलाय."

अध्यक्षांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला नाही.

"याची किंमत कशावरून ठरवलीत?"

"एका साडवावरून."

"मला तीन आहेत," अध्यक्ष म्हणाले, आणि पेन उचलून आकडा थोडा वाढवला. मग खाली सही केली. कागद वाचून झालेली सही त्या टेबलावर बोझिलोव पहिल्यांदाच बघत होते.

रुंद ड्रमचा ट्रक पुढच्या वसंतात बाहेर पडला आणि उतारावर असा थांबायचा की ड्रायव्हर लोक त्याला 'खेचर' म्हणू लागले. पण व्हायचं ते झालंच. ब्रेक चांगला आहे हे कळल्यावर देशभरचे ड्रायव्हर त्यात आणखी भरू लागले. वेलिकाच्या कानावर आलं की कुणीतरी त्यातून आख्खं लाकडी घर नेलं, छपरासकट. तिनं पुढच्या आवृत्तीत गुणांक वाढवला. ड्रायव्हरांनी भार वाढवला. हा खेळ तिच्या निवृत्तीपर्यंत चालला आणि कोण जिंकलं ते सांगता येणार नाही.

निवृत्त झाल्यावर तिनं एक छोटी जुनी गाडी घेतली. गंमत अशी की जन्मभर ब्रेकचं गणित करणाऱ्या या बाईला गाडी चालवता येत नव्हती. शिकवायला बाय नेद्को आला. आता तोही थकला होता, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण ओरडायची ताकद शाबूत होती. एका रविवारी दोघं खिंडीतून खाली येत होते, वेलिका चाकावर, नेद्को शेजारी दाराची कडी घट्ट धरून. पुढं एक खेचर चाललं होतं. आक्रोडाची पोती, त्यावर कपाट, कपाटावर दोरीनं बांधलेली आरामखुर्ची, आणि खुर्चीत एक माणूस टरबूज कापत बसलेला.

वेलिकानं वेग वाढवला.

"मागं राहा," बाय नेद्को म्हणाला. "अंतर ठेव."

"कशाला? त्यातला ब्रेक माझा आहे."

"ब्रेक तुझा आहे गं, पण तो डायवर माझ्या हाताखाली शिकलाय."

वेलिकानं पाय उचलला आणि गाडी चांगली मागं ठेवली.